आमचा हॉकी संघ पुन्हा हरला, आता बोलायलाच हवं!



क्रिकेटचा सामना हरला की दुसऱ्या दिवशी एसटीत, चहाच्या टपरीवर, स्टाफरूममध्ये त्याचीच चर्चा असते. कॉलेजचा हॉकी संघ हरला तर मात्र कुणाला पत्ताच नसतो. सूचना फलकावर एक ओळसुद्धा लागत नाही. मी गेली अनेक वर्षं आमच्या कॉलेजच्या हॉकी संघाचा चाहता आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या की उन्हात उभा राहून सामने बघतो, घसा बसेपर्यंत ओरडतो आणि बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच संघाबरोबर परत येतो.

"अहो सर, कशाला जाता? हरणारच आहेत ती पोरं!" असं सहकारी म्हणतात. मी तरीही जातो. पण यंदा मात्र मनात साचलेलं सगळं लिहून काढायचं ठरवलं आहे.

राग नेमका कशाचा?

एक गोष्ट आधीच सांगतो. हरण्याचा राग नाही. खेळात एक जिंकणार, दुसरा हरणार, हे तुम्हीआम्ही जाणतोच. राग आहे तो दरवर्षी एकाच पद्धतीने हरण्याचा.

आजची आंतरराष्ट्रीय हॉकी 15-15 मिनिटांच्या चार सत्रांत खेळली जाते. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, म्हणून सगळे पूर्ण वेगाने धावतात आणि दमले की बाकावर येऊन दम घेतात. आमच्या बाकावर बसायलाच जेमतेम दोन-तीन मुलं असतात! मग पहिला अर्धा वेळ आमची पोरं वाघासारखी खेळतात, पुढे पाय जड होतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोन-तीन गोल बसतात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की घड्याळ न बघता सांगू शकतो, आता गोल होणार.

दुसरं दुखणं पेनल्टी कॉर्नरचं. यात बचावाला गोलकीपर धरून फक्त पाच जण असतात, बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावं लागतं. म्हणजे गोल करण्याची ही केवढी मोठी संधी! एकाने गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलायचा, दुसऱ्याने 'डी'च्या बाहेर तो अडवायचा, तिसऱ्याने मारायचा. तीन माणसांचं हे काम रोजच्या सरावानेच जमतं. आमच्याकडे कोण मारणार, हे शिट्टी वाजल्यावर ठरतं. चेंडू अडवणाऱ्याच्या स्टिकखालून निघून जातो आणि संधीही त्याच्याबरोबर जाते.

अंगण वाकडं की नाचता येईना?

"सर, आपल्याकडे टर्फ कुठे आहे?" मुलांचं हे म्हणणं खोटं नाही. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णपदकं मिळवलेला भारत थेट सातव्या क्रमांकावर फेकला गेला. मातीवर चेंडू उसळतो, अडखळतो, तर टर्फवर तो सपाट आणि सुसाट पळतो. वर्षभर मातीवर शिकायचं आणि परीक्षा टर्फवर द्यायची, म्हणजे विहिरीत पोहायला शिकून समुद्रात शर्यत लावण्यासारखं आहे.

पण मित्रांनो, पळण्याचा दम कमावायला टर्फ लागत नाही. पेनल्टी कॉर्नरच्या जागा ठरवायलाही लागत नाही. पुण्याच्या खडकीतल्या धुळीच्या मैदानावर मोडक्या स्टिक घेऊन खेळलेला धनराज पिल्ले पुढे चार ऑलिम्पिक खेळला. मात्र त्याची गोष्ट सांगून कुणी हात झटकू नयेत. मोडक्या स्टिकने एखादा धनराज घडतो, आख्खा संघ घडत नाही.

आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता कॉलेजबद्दल. स्पर्धेचं पत्र आलं की संघाची जुळवाजुळव सुरू होते. दहा-पंधरा दिवस सराव होतो. तहान लागल्यावर विहीर खणायची, ती अशी! अकरा जण भरत नाहीत म्हणून कुणी फुटबॉलमधला येतो, कुणी फक्त क्रीडा गुणांसाठी नाव देतो. गोलकीपरचे पॅड आणि हेल्मेट पिढ्यानपिढ्या चालत आलेले असतात. दरवर्षी 29 ऑगस्टला, ध्यानचंद यांच्या जयंतीला, आपण राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा करतो. फोटोला हार, दोन भाषणं, टाळ्या. तिसाव्या तारखेला क्रीडा साहित्याच्या खोलीला पुन्हा कुलूप! ज्या मुलाला खेळायचं आहे त्याने किल्ली कुणाकडे मागायची?

हरलेला संघ उभा राहतो का?

राहतो. आपलाच राष्ट्रीय संघ बघा. 1928 पासून ऑलिम्पिक खेळणारा भारत 2008 मध्ये बीजिंगसाठी पात्रच ठरला नाही. 2012 मध्ये लंडनला बारा संघांत बारावा आला. तेव्हाही लोक म्हणाले, भारतीय हॉकी संपली. त्याच लंडनच्या संघात श्रीजेश होता, मनप्रीत सिंग होता. 2021 मध्ये टोकियोत जर्मनीला 5-4 ने हरवून 41 वर्षांनी पदक आलं, तेव्हा मनप्रीत कर्णधार होता आणि शेवटचा पेनल्टी कॉर्नर वाचवायला गोलमध्ये श्रीजेश उभा होता. 2024 ला पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य मिळालं. मधल्या वर्षांत तंदुरुस्तीवर कसून मेहनत झाली, चांगले प्रशिक्षक आले, 2018 पासून ओडिशा सरकारने प्रायोजक म्हणून हात दिला. आपोआप काहीही झालं नाही.

खरा चाहता कसा असावा?

"आपलीच पोरं आहेत, जाऊ द्या" असं म्हणून गप्प बसणं मला पटत नाही. आणि मैदानावर पायही न ठेवता "यांच्यात दमच नाही" म्हणणं तर मुळीच पटत नाही. जो सामन्याला येतो त्याला रागवायचा हक्क आहे, आणि जो रागावतो त्याने मागणीही करावी.

माझ्या मागण्या तीनच आहेत. जूनमध्ये कॉलेज उघडताच संघ निवडा आणि आठवड्यातून चार दिवस सराव ठेवा. पेनल्टी कॉर्नरसाठी तीन मुलं ठरवून त्यांच्याकडून तो रोज करून घ्या. स्पर्धेआधी चार-सहा दिवस तरी मुलांना जवळच्या टर्फवर न्या. बसभाड्याला आम्ही शिक्षक वर्गणी काढू. एवढं करूनही हरलो, तर मी एक शब्द बोलणार नाही.

शेवटी तुम्हाला विचारतो. तुमच्या कॉलेजचा हॉकी, कबड्डी किंवा खो-खोचा संघ आहे ना? त्याचा सामना तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? पुढच्या वेळी दोन मित्रांना घेऊन जा. हरतील कदाचित. पण मैदानाच्या कडेला आपलं नाव घेऊन ओरडणारं कुणीतरी आहे, हे त्या पोरांना कळलं पाहिजे. आणि सामना संपल्यावर "का हरलो?" हा प्रश्न विचारायलाही कुणीतरी तिथे असलं पाहिजे.