शाळा कुरणात गेली, दवाखाना का नाही?

पालघर जिल्ह्यात बाळंतीण किंवा बाळ दगावले की एक ठरलेले वाक्य ऐकू येते: “या बायका दवाखान्यात येतच नाहीत, पाड्यावरच्या मांत्रिकाकडे, भगताकडे जातात.” मला ते खोटे वाटते. खोटे असून टिकते, कारण ते सोयीचे आहे. दोष बाईच्या समजुतीवर ढकलला की रस्ता, रक्त आणि भूलतज्ज्ञ यांचा हिशोब कोणी मागत नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्यातल्या मरकटवाडीत जुळी बाळे दिवस भरण्याआधीच घरी जन्मली आणि गेली. रक्तस्राव होत असलेल्या आईला डोलीत घालून, चिखलातून, माणसांनी चालत नेले. नोव्हेंबर 2024 मध्ये डहाणू तालुक्यातल्या सारणीची गरोदर बाई तर कासा इथल्या रुग्णालयात पोचली होती. तिथून सिल्वासाला पाठवायचे ठरले. सुसज्ज रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही. ती आणि पोटातले बाळ, दोघेही वाटेत गेले. यात भगत कुठे आहे?

भगताकडे जाणारे नाहीत असे मी म्हणत नाही. पण रात्री दोनला कळा सुरू होतात तेव्हा पाड्यावर हाकेला ओ देणारा तोच असतो, हेही सांगायला हवे.

दुसरा दावा असा की योजना भरपूर आहेत, लोकच लाभ घेत नाहीत. 2015 पासूनची अमृत आहार योजना घ्या. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेले कुटुंब भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. ताट पाड्यावर, आई भट्टीवर.

बोईसर-तारापूरला सोयी आहेत, हा तिसरा समज. तिथे 1969 पासून वीज देणारे अणुकेंद्र आहे, शेकडो कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवे आणि पात्र कामगार बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा हवी, असे 2017 पासून कायदा सांगतो. ठेकेदाराच्या हजेरीवर राबणारी, चाळीतल्या एका खोलीत तान्हे ठेवून पाळीला जाणारी आई हा कायदा कुठे शोधणार?

याच जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला, बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना कळून चुकले होते की आदिवासी मूल शाळेत येत नाही कारण ते गुरे राखते. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली, वाडीच्या अंगणात भरवली. आरोग्यसेवेनेही हेच करायला हवे. वीटभट्टीवर अंगणवाडीचे ताट पोचावे आणि नाव नोंदवताना गाव विचारून परत पाठवू नये. तालुक्याच्या रुग्णालयात रात्रीही रक्त आणि भूलतज्ज्ञ असावेत. ठेक्यावरच्या बायका मोजून पाळणाघराची तपासणी व्हावी. प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन राहू शकते. तिथे तिच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे हातात पडावेत आणि सोबत आणलेल्या थोरल्या मुलालाही जेवू घालावे. त्याला घरी कुणाजवळ ठेवायचे, हा प्रश्न पाड्यावरची प्रत्येक बाई विचारते, आणि तो अज्ञानाचा प्रश्न नाही.