काजव्यांच्या दिवसांत जोडीनं

मे महिना संपत आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "तुम्ही नाशिकलाच ना? मग भंडारदरा म्हणजे तुमच्या अंगणातच की!" अंगण नाही हो, घोटीवरून गेलं तरी ७० किलोमीटर आहे. पण ते कुणाला सांगायचं! काजवे बघायचे असतात आणि नाशकात एक हक्काचं जोडपं राहतं, दोघंही नोकरी करतात, गाडी आहे, आणि (हे सगळ्यात महत्त्वाचं) "अजून काही व्याप नाही." व्याप म्हणजे मूल. या विषयाकडे नंतर येते.

फोनांची एक गंमत मी चार वर्षं बघते आहे. रस्ता कसा आहे, गाडी कुठे लावायची, मुक्कामाचे किती पडतील, हे नवरोबाला विचारतात. डब्यात काय न्यायचं, बाथरूमची सोय कशी आहे, आजीला झेपेल का, हे मला. प्रत्यक्षात घाटात गाडी मी चालवते, त्याला वळणांवर मळमळतं. आणि तिखटमिठाच्या पुऱ्या तो करतो, माझ्या फुगत नाहीत. सांगून झालंय सगळ्यांना. तरी पुढच्या मे महिन्यात प्रश्न पुन्हा त्याच त्या पत्त्यावर जातात.

आणि मग शेवटचा प्रश्न, "मग, तुमचं काय ठरलं?"

यातल्या 'तुमचं'वर माझा आक्षेप आहे. लग्न झालं की लोक दोन माणसांना मिळून एकच मत देऊन टाकतात, जॉइंट अकाउंट असावं तसं. काजव्यांच्या बाबतीत आमच्या घरात दोन मतं आहेत, आणि ती दोन्ही नीट मांडावीत म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझं. माझ्या मते जूनच्या पहिल्या पंधरवड्यातल्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला जाऊ नये. कोणीच.

काजवा म्हणजे माशीबिशी नव्हे, तो भुंगेऱ्यांच्या कुळातला किडा. जगात त्याच्या २००० पेक्षा जास्त जाती आहेत. आपण बघतो तो चमचमाट म्हणजे त्याच्या आयुष्याचं अगदी शेवटचं प्रकरण. त्याआधी वर्षभर, काही जातींत त्याहूनही जास्त, तो अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्यात राहतो आणि गोगलगायींवर जगतो. वळवाच्या सरी पडल्या की पंख फुटून बाहेर येतो. आणि मग हातात उरतात फार तर दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. पोटातल्या रसायनाची प्राणवायूशी गाठ पडून तो थंड उजेड तयार होतो, आणि तो उजेड ही त्याची हाक असते. नर उडता उडता ठरावीक तालात लुकलुकतो, मादी गवतात किंवा झुडपावर बसून उत्तर देते. प्रत्येक जातीचा ताल वेगळा. बऱ्याच जातींत मादी फारशी उडतच नाही, खालीच असते.

म्हणजे शेंडीपासून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, आणि पलीकडे मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडीपर्यंत सादडा, हिरडा, बेहड्याची झाडं जी पेटल्यासारखी दिसतात, तिथे हजारो स्थळं जुळत असतात. आणि आपण काय करतो? धरणाला वळसा घालणाऱ्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लावतो, हेडलाइट चालू. झाडाखाली जाऊन मोबाइलचा टॉर्च मारतो. गवतात उतरतो, म्हणजे नेमकं मादीच्या अंगावर. गेल्या वर्षी एका झाडाखाली प्री-वेडिंग शूट चाललं होतं, दोन मोठे दिवे लावून. एका लग्नाचे फोटो निघावेत म्हणून त्या झाडावरची त्या रात्रीची सगळी लग्नं मोडली, असं मी म्हटलं तर नवरोबा म्हणाला, "तू जरा जास्तच नाट्यमय बोलतेस." असेन. पण हेडलाइट पडला की हाकही दिसत नाही आणि उत्तरही दिसत नाही, यात नाटक कुठलं आलं?

आणि हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला आहे. नाक्यावर वनखात्याची पावती फाडून आपण आत जातो. पावती फाडली म्हणजे जंगल विकत घेतलं, असं वागणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं.

आता नवरोबाचं मत. ते मी शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडते, कारण तो हे वाचणार आहे.

त्याचं म्हणणं, "जाऊ नका असं सांगणं तुला सोपं आहे. तुझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो."

भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाची गावं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पाऊस इतका की घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण आमच्या घरात अजून 'नगर'च निघतं तोंडातून.) पावसावर भात होतो, उतारावर नागली-वरई होते, हिरडा गोळा करून विकतात. एकदा भात निघाला की पाणी उतारावरून निघून जातं, आणि कित्येक घरांतली माणसं खाली नारायणगाव-जुन्नरच्या बागायती भागात मजुरीला जातात. त्यात काजव्यांचे तीनेक आठवडे आणि नंतरचा धबधब्यांचा पावसाळा हा असा काळ, की पैसा घरापर्यंत चालत येतो. कोणी तंबू लावतं, कोणी पिठलं-भाकरी करून घालतं, एखादा मुलगा वाट दाखवायला येतो. "तू काजव्यांची बाजू घेतेस, पण त्या घरातल्या बाईच्या तव्याची बाजू कोण घेणार?" असं तो विचारतो. आणि मला पटकन उत्तर सुचत नाही.

त्याला हे इतकं का लागतं, तेही सांगायला हवं. माझं सासर श्रीरामपूर तालुक्यातलं, उसाचं. तिथल्या घरांत 'आवर्तन कधी सुटणार' हा प्रश्न पंचांगासारखा विचारला जातो. ते आवर्तन येतं भंडारदऱ्यातून. १९१० मध्ये प्रवरेवर हे धरण बांधायला घेतलं, १९२६ मध्ये पूर्ण झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या नावावरून विल्सन डॅम, आणि मागच्या पाण्याला आर्थर लेक. सुमारे ११ टीएमसी पाणी. खालच्या दुष्काळी टापूला कालव्यानं पाणी मिळावं म्हणून ही खटपट होती, आणि तो टापू खरोखरच बदलला. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना सुरू करून दाखवला, तो याच प्रवरेच्या पट्ट्यात. माझ्या सासऱ्यांचं शिक्षण, आत्यांची लग्नं, नवरोबाचं इंजिनिअरिंग, हे सगळं त्या उसावर झालेलं आहे.

पाऊस वर पडतो, साठतो वर, पण ऊस पिकतो खाली. वरच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन उतरणी चढतात-उतरतात. तो म्हणतो, "आमच्या घरानं तीन पिढ्या त्यांचं पाणी वापरलं. निदान जाऊन एक वेळ जेवून पैसे तरी देऊ दे." भावनिक आहे, मान्य. एका ताटाच्या पैशानं कुठला हिशेब फिटत नाही, हे त्यालाही कळतं. पण त्याच्या मताचं मूळ तिथे आहे, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, याला फक्त फिरायची हौस आहे.

मला या गोष्टीचं फार महत्त्व वाटतं. नवरा-बायकोची भांडणं बहुतेक वेळा त्या विषयाची नसतातच. तो 'जाऊया' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात आजोबांचा ऊस असतो. मी 'नको' म्हणते तेव्हा माझ्या डोक्यात ते दिवे लावलेलं झाड असतं. हे एकमेकांना न सांगता आम्ही 'शनिवारी जायचं की नाही' यावर अर्धा तास घालवू शकतो, आणि घालवलाही आहे. ज्येष्ठ मंडळी सांगतात, एकानं गप्प बसावं की संसार होतो. (एकानं म्हणजे कुणी, ते सांगायला नको.) मला ते पटत नाही. गप्प बसलेल्या माणसाचं मत कुठे जात नाही, ते आमटीत मीठ जास्त होऊन बाहेर येतं. त्यापेक्षा बोलून मोकळं व्हावं, फक्त मुळापर्यंत बोलावं.

मग आमचं काय ठरलं? :-)

आम्ही जातो, पण मधल्या वारी जातो. मंगळवार-बुधवार. त्यासाठी दोघांनाही रजा टाकावी लागते, आणि त्यावरही वाद झाला. आमच्या घरात हळूहळू अशी पद्धत पडत चालली होती की पाहुणे, गॅस सिलिंडर, प्लंबर यांच्यासाठी रजा माझी आणि फिरण्यासाठी रजा त्याची. आता वर्षाच्या सुरुवातीलाच दोघांच्या रजा एका कॅलेंडरवर लिहून ठेवतो. कोणी प्लंबरसाठी थांबायचं तेही आळीपाळीनं. रोमँटिक अजिबात नाही, पण जूनमधला बुधवार त्याशिवाय मोकळा होत नाही.

उजेड असतानाच पोचतो. गाडी गावातच लावतो, आणि अंधार पडल्यावर ती हलवत नाही. ज्या घरी जेवतो-झोपतो त्यांचे पैसे त्यांच्याच हातात देतो, घासाघीस करत नाही. वाट दाखवायला त्याच घरातलं कोणीतरी सोबत येतं. रस्ता सोडून गवतात उतरत नाही. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटीन पेपर लावलेला, जमिनीकडे धरलेला. फोटो नाहीत. आणि बोलणंही जवळजवळ नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ आम्ही नुसते उभे राहतो. एरवी आम्ही दोघं फोन न बघता इतका वेळ शेजारी शेजारी कधी उभे होतो, विचाराल तर आठवत नाही.

हे काही जगावेगळं नाही. मलेशियात सेलांगोर नदीकाठच्या कांपुंग कुआंतानला काजवे बघायला नेतात ते वल्ह्याच्या होडीतून, इंजिन नाही. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या राष्ट्रीय उद्यानात काजव्यांच्या दिवसांत गाड्यांसाठी चक्क लॉटरी काढतात, नंबर लागला तरच प्रवेश. आपल्याकडेही गाड्या शेंडीलाच थांबवून पुढे स्थानिकांच्याच जीपमधून माणसं न्यावीत, रोजची संख्या ठरवावी, पाड्यांना पाळी लावून द्यावी, असं मला वाटतं. म्हणजे काजवेही राहतील आणि तवाही तापेल. माणसं कमी आली तर पैसा कमी येईल, हा नवरोबाचा मुद्दा शिल्लक राहतोच. त्यावर माझं म्हणणं, दहा वर्षांनी काजवेच नसतील तर माणसं बघायला काय येतील? त्यावर तो म्हणतो, दहा वर्षांनंतरचं पोट आज भरता येत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटायला हवा असंही नाही.

आता ते 'व्याप' प्रकरण.

गेल्या जूनमध्ये एका लग्नात एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काजवेबिजवे पुरे झाले आता. गोड बातमी कधी देताय?" आजूबाजूला चार-पाच जणी होत्या, सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण हे वाचणाऱ्या नातेवाईकांना एकदा सांगते, रागावून नाही. काजव्यांकडे दोन-तीन आठवडे असतात, आमच्याकडे थोडा जास्त वेळ आहे. तो कसा घालवायचा यावर आमची मतं एक असतील, दोन असतील, आज एक आणि उद्या वेगळं असेल. कधी इच्छा असेल आणि जमत नसेल, असंही एखाद्या घरात असतं. ज्या घरातलं ते तुम्हाला माहीत नाही, तिथे हसत हसत टॉर्च मारू नये. अंधारात दोन माणसांचं काहीतरी चाललेलं असतं, त्यांचा त्यांचा ताल असतो. बाहेरून उजेड पडला की त्यांनाच एकमेकांचं दिसेनासं होतं.

असो. सूर जरा गंभीर झाला.

तर यंदा ज्यांना यायचं आहे त्यांनी वळवाचा पाऊस पडून आठवडा झाला की कळवा, मधला वार धरून. पांढरे कपडे, अत्तर आणि स्पीकर घरी ठेवा. जेवण तिथेच घेऊ, त्यामुळे डब्याचं कोणीच विचारू नका. आणि रस्त्याचं विचारायचं असेल तर मला फोन करा, पुऱ्यांचं त्याला.