परवान्यावर सही कोणाची?

गडचिरोली जिल्हा मागास आहे, हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की त्यात काही खटकतच नाही. खटकायला हवं. जिल्ह्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. सागवान, बांबू, तेंदू, मोह सगळं आहे. वैनगंगा, इंद्रावतीसारख्या नद्या आहेत, धानाच्या बांध्या आहेत आणि सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. तरीही 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा मानव विकासाच्या यादीत तळाच्या जिल्ह्यांतच अडकून पडला. मालाचा तोटा कधीच नव्हता, मालकी मात्र दुसऱ्याची होती.

बांबूचंच बघा. वर्षानुवर्षं इथला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला जात राहिला आणि तो तोडायला मजूर म्हणून जंगलाशेजारचाच माणूस जात राहिला. धान एका हंगामाचं. दिवाळीनंतर बांध्या रिकाम्या झाल्या की घर चालतं ते जंगलावर, आणि तिथे गावाचा हक्क फक्त घाम गाळण्यापुरता.

अशा ठिकाणी काम करायला आलेली संस्था सहसा काय करते? शिलाई मशीन वाटते, शेळ्या वाटते, फोटो काढते आणि अहवाल पाठवते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात मोहन हिराबाई हिरालाल आणि त्यांच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेने यातलं काही केलं नाही. त्यांनी गावासोबत अभ्यासगट चालवले. कायदा काय म्हणतो, वनखातं काय म्हणतं, आपल्याला काय हवं, यावर लोक बसून बोलत. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. देवाजी तोफांसारखं नेतृत्व गावातूनच उभं राहिलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली.

म्हणूनच 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला. पण हक्काचं पत्र हातात येऊनही बांबू गावाबाहेर काढता येईना, कारण वाहतूक परवाना द्यायला वनखातं तयार नव्हतं. परवाना म्हणजे एक साधा कागद: गाडीचा नंबर, मालाची संख्या, कुठून कुठे आणि खाली सही. ती सही नसली तर नाक्यावर मालक चोर ठरतो. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढच्या वर्षी नियमच बदलले आणि हा अधिकार ग्रामसभांना कायद्याने मिळाला.

पुढचं काम कमी कौतुकाचं आणि जास्त कटकटीचं. लिलावाची जाहिरात काढायची, करारनामा वाचायचा, बँकेत खातं, पावत्या, हिशेब. उन्हाळ्यात तेंदूच्या हंगामात बाया उजाडायच्या आत जंगलात जातात, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. त्या मोजणीची वही कोणाकडे आहे, यावर बरंच ठरतं. जिल्ह्यातल्याच कोरची तालुक्यात सुमारे 90 ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. एकट्या गावाला ठेकेदार गुंडाळतो, नव्वदांना गुंडाळणं अवघड. कुरखेड्याच्या ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेने तिथे ग्रामसभांना, विशेषतः बायकांना, साथ दिली. संस्थेचं नावच बरंच काही सांगतं.

हक्क मिळाला की गरिबी पळाली, असा दावा मी करणार नाही. तेंदूचा भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी आपटतो. ठेकेदार संगनमत करतात, पैसे थकवतात. ग्रामसभेकडे गोदाम नाही, खेळतं भांडवल नाही, म्हणून पान पडत्या भावात द्यावं लागतं. हिशेबावरून गावात भांडणंही होतात. पण ती स्वतःच्या पैशावरून होतात, आणि ती मिटवणारी ग्रामसभाही स्वतःचीच असते. मजुरीसाठी हात पसरण्यापेक्षा ही भांडणं मला बरी वाटतात.

अडचण आपल्या बाजूला आहे. कंपन्यांचा सामाजिक निधी आणि आपल्यासारख्यांच्या देणग्या मोजता येणाऱ्या वस्तूंकडे धावतात. किती सायकली, किती पंप, किती लाभार्थी? वनहक्काचा दावा भरायला, जुने नकाशे शोधायला, ग्रामसभेच्या सचिवाला हिशेब शिकवायला वर्षं लागतात आणि त्याचा फोटो नीट येत नाही. म्हणून त्याला पैसेही येत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी संस्था देणगी मागायला आली तर काय वाटप केलं, हे विचारू नका. गावाच्या मालावर आज कोणाची सही चालते आणि तुम्ही निघून गेलात तर ती चालत राहील का, एवढं विचारा. उत्तर नीट आलं, तर हात आखडता घेऊ नका.