पाण्याची तपासणी होते, म्हशीची होत नाही

गेल्या पावसाळ्यात तालमीत जाणारा एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण दवाखान्यात आला. दीड महिना ताप येत-जात होता. संध्याकाळी कणकण, रात्री घामाने अंथरूण ओले, कंबर आणि गुडघे धरलेले. दोन ठिकाणी विषमज्वराची औषधे घेऊन झाली होती. मीही प्रथम त्याच वाटेने गेलो, हे कबूल करायला हवे. दहा दिवसांनी पुन्हा ताप आला तेव्हा मी विचारले, "दूध कसले पितोस?" तो अभिमानाने म्हणाला, "रोज पहाटे शेर-दीड शेर, गोठ्यावर उभं राहून, धारोष्ण." रक्ताची वेगळी तपासणी केली आणि निदान झाले ब्रुसेलोसिसचे. दोन प्रकारच्या गोळ्या सहा आठवडे घ्याव्या लागल्या. तेवढ्यात हंगामाच्या कुस्त्या गेल्या आणि कामावरची हजेरीही.

हा रोग गाई, म्हशी, शेळ्या यांचा. जनावर गाभडते, वार अडकते, दूध घटते. अशा जनावराच्या कच्च्या दुधातून किंवा गाभडलेले वासरू उघड्या हातांनी उचलताना तो माणसाला होतो. जनावरांचा क्षयही कच्च्या दुधातून येऊ शकतो. हे जंतू दूध नीट उकळल्यावर मरतात. आपल्या आया-आज्यांनी दुधाला उकळी आणण्याचा जो दंडक घातला, त्याने किती घरे वाचवली असतील याची गणती नाही. पण तालमीतला खुराक, कोल्हापूरच्या दूध कट्ट्यासारख्या ठिकाणी समोर काढून मिळणारा पेला, पूजेच्या पंचामृतातले निरसे दूध, या जागी तो दंडक मोडतो. (पंचामृताला दूध उकळून गार करून वापरावे. देव रागावणार नाही.)

आता सरकार काय करते ते पाहू. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. सुटे दूध विकायला आपल्याकडे बंदी नाही, मात्र विक्रेत्याने नोंदणी करायची असते. २०११ मध्ये देशभरातून घेतलेल्या १७९१ नमुन्यांपैकी ६८.४ टक्के नमुने मानकांना उतरले नाहीत, अशी मोठी बातमी झाली होती. त्यातला मोठा दोष होता पाण्याचा. २०१८ च्या पाहणीत ६४३२ नमुने तपासले. फॅट, एसएनएफ, भेसळीचे पदार्थ, प्रतिजैविके, पशुखाद्यातल्या बुरशीचे विष, हे सगळे पाहिले गेले आणि ते पाहायलाच हवे. निरोगी जनावराचे दूध असावे अशी अपेक्षाही नियमांत आहे. पण किटलीतल्या दुधाची म्हैस निरोगी आहे का, हे गोठ्यात जाऊन कोण पाहतो? पाणी घातलेल्या दुधाने गिऱ्हाईक फसते, आजारी म्हशीच्या दाट दुधाने ते अंथरुणाला खिळते. आपला सारा राग मात्र पाण्यावर!

गवळी म्हणतो, "डॉक्टर, माझी म्हैस धडधाकट आहे." खोटे बोलत नसतो बिचारा. माल्टा बेटावर इंग्रज शिपायांना असाच ताप येई. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडले. थेमिस्टोक्लीझ झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरने दाखवले की वरून निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांत तो आहे. १९०६ मध्ये फौजेत शेळीचे दूध बंद केले आणि शिपायांचा ताप झपाट्याने ओसरला. गावातले लोक तेच दूध पीत राहिले व आजारी पडत राहिले.

म्हणून सुट्या दुधावर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. चार म्हशींवर संसार चालवणाऱ्या माणसाचा रतीब बंद करून रोग जाणार नाही. दूध चोरून विकले जाईल, एवढेच. आणि नुसत्या नोंदणीच्या कागदाला तरी काय अर्थ? तो कागद म्हशीपर्यंत पोहोचला पाहिजे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व रेड्यांना या रोगाची लस देण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१९ पासून आहे. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. गवळ्याच्या नोंदणीत त्याच्या जनावरांचे बिल्ले लिहा. दुधाची ब्रुसेलासाठीची रिंग टेस्ट स्वस्त आहे, ती ठराविक काळाने करा. रोगी जनावर निघाले तर गवळ्याला भरपाई द्या, नाहीतर तो ते दाखवणारच नाही. यासाठी अन्न व औषध प्रशासन आणि पशुसंवर्धन खाते यांनी एकमेकांशी बोलावे लागेल. हे काम लशीपेक्षा अवघड दिसते.

त्या तरुणाचा ताप उतरल्यावर मी त्याच्या गवळ्याला बोलावून घेतले. आला, हात जोडून बसला. तीनपैकी एक म्हैस सहाव्या महिन्यात गाभडली होती, हे त्याने लपवले नाही. "मग तिचे काय केलेस?" मी विचारले. म्हणाला, "बाजारात विकली, साहेब. दूध चांगलं होतं तिचं." कोणी घेतली, कुठल्या गावाला नेली, हे त्याला सांगता आले नाही.