दारू सुटली, आता वही धरा



आपल्या बैठकांत दारूचा विषय निघाला की बोलणे दोन गोष्टींवर येऊन थांबते. दुकान बंद करा, नाहीतर पिणाऱ्याला समज द्या. ज्याने दारू सोडली त्याच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. त्याने भगवानगडावर जाऊन माळ घातली, देवापुढे शपथ घेतली, की गावाच्या हिशेबी तो प्रश्न मिटला. त्याच्या घरात मात्र एक नवा प्रश्न त्याच दिवशी सुरू होतो. या अंकात आम्ही त्याबद्दल लिहीत आहोत.

पंधरा-वीस वर्षे रोज पिणारा माणूस. दारू सोडून दीड महिना झालेला. हातांची थरथर थांबली, तोंडाला चव आली, पहाटे उठून रानात जायला लागला. पण मोंढ्यातून चार वस्तू आणायला पाठवला तर दोनच घेऊन येतो. मोटारीचा स्टार्टर चालू ठेवून घरी येतो. काल सांगितलेले आज आठवत नाही. सरकीची बॅग रोख घेतली की उधार, हे नीट सांगता येत नाही, आणि खोदून विचारले तर छातीठोकपणे सांगतो, "पैसे त्याच्या हातात मोजून दिले." दुकानदार म्हणतो, दिले नाहीत. घरची मालकीण म्हणते, "परत सुरू केली का काय?" पारावरची माणसे म्हणतात, पिणाऱ्याच्या शब्दाला काय किंमत? मग ज्याने दीड महिना थेंबाला शिवले नाही तो मनात म्हणतो, न पिता दारुडा म्हणवून घ्यायचे, त्यापेक्षा पिऊन म्हणवून घेतलेले काय वाईट?

असा माणूस परत गुत्त्यावर जातो, तेव्हा त्याला एकट्या दारूने ओढलेले नसते. मागून ढकलणाऱ्यांत आपलाही हात असतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. त्याचे विसरणे हे दुखणे आहे, लबाडी नव्हे. ते बहुतेकांचे बऱ्याच अंशी बरे होते, पण त्याला महिने लागतात. तोपर्यंत घरचा व्यवहार आठवणीवर न चालवता वहीवर चालवावा, आणि त्या काळात त्याची सही किंवा अंगठा कोणत्याही कागदावर पडू देऊ नये.

डोक्यात काय होते

पहिली गोष्ट प्यालेल्या रात्रींची. दारू फार चढली की घडणारे मेंदूत टिपलेच जात नाही. माणूस बोलतो, भांडतो, चालत घरी येतो, कागदावर सहीसुद्धा करतो, पण त्याची नोंद आत होत नाही. सकाळी तो "आठवत नाही" म्हणतो ते खरे असते. पेरलेच नाही त्या तासात कोंब शोधून सापडणार आहे का? म्हणून त्या रात्रींबद्दल "आठवून बघा" असा तगादा लावण्यात अर्थ नाही. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आठवत नाही म्हणून घडले नाही, असे होत नाही. मारहाण झाली असेल तर ती झाली. मालकिणीने ती एकदा शांतपणे सांगावी, आणि त्याने न आठवताही मान्य करावी.

दुसरी गोष्ट दारू सुटल्यानंतरची. वर्षानुवर्षे दारूत भिजलेला मेंदू आठ दिवसांत ताळ्यावर येत नाही. लक्ष लागत नाही, नावे सापडत नाहीत, नवे सांगितलेले टिकत नाही. पहिल्या काही आठवड्यांत फरक दिसू लागतो आणि पुढे सहा महिने, वर्षभर सुधारणा होत राहते. अट एकच, मध्ये परत प्यायची नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. मेंदूला बी-1 हे जीवनसत्त्व लागते. आपल्या ज्वारीच्या भाकरीत, डाळीत, शेंगदाण्यात ते असते. पण पिणारा पोटभर जेवत नाही, आणि जेवला तरी दारू ते आतड्यातून अंगात नीट मुरू देत नाही. ते फार कमी पडले की माणूस न पिताही पिल्यासारखा झोकांड्या खातो, एकाचे दोन दिसतात, डोळे नीट फिरत नाहीत, वेळकाळ समजत नाही. यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. बी-1 चे इंजेक्शन वेळेत मिळाले तर माणूस सावरतो, नाहीतर आठवण कायमची जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे अशक्तपणा म्हटले की सलाईन लावायची रीत आहे. पिणाऱ्याला साखरेचे सलाईन लावण्याआधी बी-1 चे इंजेक्शन द्यायचे असते, हे डॉक्टरला आठवण करून द्यायला लाजू नका. अशा वेळी नुसत्या भाकरीने भागत नाही. जेवण तर हवेच, पण औषधही हवे.

कोर्साकोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने 1887 च्या सुमारास अशा रोग्यांबद्दल लिहून ठेवले. त्यांच्या आठवणीत भोक पडले की मन ती जागा आपोआप भरून काढते. परवा घडलेले काल घडले म्हणून सांगतात, न घडलेलेही घडले म्हणून सांगतात, आणि ते त्यांना खरेच वाटत असते. प्रत्येक विसराळू माणसाला हा आजार असतो असे नाही. पण जो वारंवार असे सांगतो त्याला खोटारडा ठरवण्याआधी डॉक्टरला दाखवा. डोक्याला कधी मार लागला होता का, लिव्हर खराब झाले आहे का, हेही तपासायला हवे.

आणि एक इशारा. जो रोज भरपूर पितो त्याने घरच्या घरी एका दिवसात दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, त्यात माणसे दगावतात. माळ जरूर घाला, पण आधी दवाखाना गाठा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारचा 14416 हा फोन मानसिक आजाराच्या सल्ल्यासाठी आणि 14446 हा व्यसनमुक्तीसाठी आहे.

अंगठा कोणाच्या कामाचा

शेतकरी कर्जात का बुडाला? पितो म्हणून, असे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते मान्य नाही. जन्मात दारूला न शिवलेल्या माळकऱ्याच्याही कापसाचा हिशेब तोट्यातच निघतो. भावातली लूट पिणाऱ्याला आणि न पिणाऱ्याला सारखीच लुटते. ऊस आपल्याच टोळ्या तोडतात, त्याच्या मळीपासून देशी दारू होते, आणि बाटलीमागे सरकारला कर मिळतो. या साखळीत शेतकऱ्याला नीतीचे धडे देण्याचा अधिकार कोणाला आहे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

पण पिणाऱ्याच्या घरात लुटीची दुसरी वाट असते, ती त्याच्या विसरण्यातून जाते. दसऱ्याच्या सुमारास उचल घेतली, किती घेतली ते आठवत नाही. सावकाराने कागद पुढे केला, त्यावर काय लिहिले होते ते माहीत नाही. दुकानदाराच्या वहीत दोन बॅगा, घरात एक. दारू सोडल्यावर ही सगळी जुनी येणी दारात येतात, आणि लाजेपोटी तो प्रत्येकाला "असेल बाबा" म्हणून नवा कागद करून देतो. आठवत नाही ते कबूल करायचे नाही. आधी कागद दाखवा, मग बोलू, एवढेच उत्तर द्यायचे.

कायदा इथे थोडा आपल्या बाजूचा आहे. 1872 च्या करार कायद्याचे 12 वे कलम सांगते की जो माणूस दारूच्या अंमलाखाली अटी समजूनच घेऊ शकत नाही, त्याला त्या अवस्थेत करार करता येत नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो, आणि रकमेची जागा कोरी ठेवलेला कागद करून घेता येत नाही. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पण त्या रात्री आपण नशेत होतो हे पुढे कोर्टात सिद्ध करणे किती अवघड, हे तारखा खाल्लेल्या माणसाला विचारा. त्यापेक्षा सही न करणे स्वस्त. दारू सोडल्यापासून पहिले वर्षभर खरेदीखत, गहाणखत, जामीनकी, उचल यांपैकी काहीही एकट्याने करू नये. मालकीण आणि भावकीतला एक भरवशाचा माणूस जवळ असल्याशिवाय कागद उघडूच नये.

वही कशी ठेवावी

दोनशे पानी वही घ्या. पेन दोरीने बांधा आणि दाराजवळ एकाच खिळ्याला अडकवा. रोज चार ओळी पुरतात. तारीख, आज काय केले, कोणाला काय दिले-घेतले, उद्या काय करायचे. लिहायचे त्यानेच, कारण स्वतः लिहिलेले जास्त टिकते. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सांगून लिहून घ्यावे, आणि रात्री जेवताना मोठ्याने वाचावे. दुकानातून पावतीशिवाय काही आणायचे नाही. पावत्या एका पिशवीत, पिशवी त्याच खिळ्याला. चावी आणि गोळ्यांची जागाही ठरलेली असावी.

एका वेळी एकच काम सांगा. चार सांगायची असतील तर चिठ्ठी द्या. "सांगा बरं, मी काय म्हटलं होतं?" अशी परीक्षा घेऊ नका, पोरांसमोर तर नाहीच.

फवारणीची विशेष काळजी घ्या. कोणत्या रानात, कोणत्या दिवशी, कोणते औषध मारले ते वहीत हवेच, नाहीतर त्याच पऱ्हाटीवर दोनदा फवारा बसतो. औषध मापण्याचे आणि पंप भरण्याचे काम त्याला एकट्याला देऊ नका. कीटकनाशक दारूच्या रिकाम्या बाटलीत कधीही ठेवू नका, आणि डबा कुलपात ठेवा. पहिल्या महिन्यांत मन फार खचते. तेव्हा तो डबा हाताशी नसलेला बरा.

वही मालकिणीच्या हाती गेली की पुरुषपणाला धक्का बसेल, असे कोणाला वाटत असेल तर त्याला जुनी आठवण देतो. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपल्या हाताने जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे केली. ज्यांना जमीन देताना कमीपणा वाटला नाही, त्यांना वही दाखवताना का वाटावा? मायबहिणींनाही सांगणे आहे. वही म्हणजे आरोपपत्र नव्हे. जुनी पाने काढून भांडण सुरू झाले की तो लिहायचे बंद करील.

त्याच 1986 साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेत "फक्त आजचा दिवस" हा नियम पाळतात. ज्याला कालचे आठवत नाही आणि उद्याचा भरवसा नाही, त्याला हा नियम बरोबर बसतो. आजचा दिवस प्यायलो नाही, आजच्या चार ओळी लिहिल्या, झाले.

आता बैठकीचे काम. प्रत्येक गावशाखेने आपल्या गावात या वर्षी दारू सोडलेले कोण आहेत ते शोधावे, पण त्यांची नावे फळ्यावर लिहू नयेत. त्यांच्या घरी एकाने जावे, एक वही द्यावी, आणि महिन्यातून एकदा चहाला बसावे. त्यांच्याकडे येणे दाखवणाऱ्याला कागद मागायला शाखेची दोन माणसे बरोबर जावीत. जे स्वतः या वाटेने गेले आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत, वाटले तर, बोलावे. त्या दिवशी भावाचा ठराव दुसरा घेऊ, पहिला मान त्यांचा.