चालत्या गाड्याला खीळ?

आपल्या म्हणींचा एक मोठा गुण असा, की भांडण कोणत्याही बाजूने करायचे असले तरी त्या हाताशी असतात. 'चालत्या गाड्याला खीळ घालू नये' असे एकाने म्हणावे, तर 'तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?' असे दुसऱ्याने विचारावे. मी इतकी वर्षे मुलांना मराठी शिकवतो. पण या दोन म्हणींचा खरा सामना मला पुस्तकात नव्हे, कॉम्प्युटरच्या पेटीत पाहायला मिळाला. वादाचा विषय होता 'बायोस'.

बायोस म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. कॉम्प्युटरच्या पेटीत जो मोठा पट्टा सगळे भाग आपल्या अंगावर वागवतो, तो मदरबोर्ड. त्यावर नखाएवढी एक चिप असते आणि तिच्यात एक छोटा प्रोग्रॅम असतो. बटण दाबले की विंडोजच्या आधी तो जागा होतो. आजी पहाटे सर्वांच्या आधी उठते, दिवा लावते, कोण उठले, कोण नाही ते पाहते आणि मग घर सुनेच्या हवाली करते, तसेच हे. प्रोसेसर आहे, मेमरी आहे, डिस्क आहे, अशी हजेरी घ्यायची आणि कारभार विंडोजकडे सोपवायचा. 1981 साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हापासून हे नाव घरोघर झाले. आजच्या बोर्डांवर खरे म्हणजे त्याचा वारस 'यूईएफआय' नांदतो. पण गल्लीचे नाव बदलले तरी टपाल जुन्याच नावाने येते, त्यातला हा प्रकार.

बोर्ड बनवणारी कंपनी या प्रोग्रॅमची अधूनमधून 'सुधारून वाढविलेली आवृत्ती' काढते. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी प्रत कपाटात सुखरूप असते. इथे तसे नाही. इथे पाटी एकच. आधीचे पुसायचे आणि त्याच जागी नवे लिहायचे. हे काम काही मिनिटांचे. पण नेमक्या त्या मिनिटांत दिवे गेले, तर पाटीवर ना जुने राहते ना नवे येते. मग बटण दाबले तरी आजी उठतच नाही, आणि आजी उठली नाही तर घर उठत नाही.

आमच्या शेजारच्या तात्यांवर हाच प्रसंग आला. तात्या निवृत्त हेडक्लार्क. गेली 14 वर्षे ते आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. गावोगावच्या देवळांतून, तलाठ्यांच्या दप्तरांतून आणि म्हाताऱ्या आत्यांच्या तोंडून जमवलेली माहिती सगळी कॉम्प्युटरमध्ये. एके दिवशी पडद्यावर 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' असे आले. सरकारी कागदाला वेळेत उत्तर देण्याची आयुष्यभराची सवय. तात्यांनी लगेच होकार दिला. श्रावणातली संध्याकाळ होती, पाऊस होता, आणि अर्ध्यावर दिवे गेले. दिवे आले, कॉम्प्युटर आला नाही.

"अहो प्रोफेसर, सगळं गेलं हो!" एवढेच म्हणून ते आमच्या खुर्चीत बसून राहिले.

माझा भाचा या विद्येतला. तो म्हणाला, "आजोबा, गेलाय तो बोर्ड. तुमचं लिखाण डिस्कवर आहे, आणि डिस्कला बायोस हात लावत नाही." त्याने डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि कुलवृत्तांताचे पहिले पान पडद्यावर आणले. तात्यांनी चष्मा पुसला, पणजोबांचे नाव वाचले आणि मग चहा घेतला. पुढे बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने त्या चिपला चिमट्यासारखी क्लिप लावून दुसऱ्या कॉम्प्युटरमधून बायोस पुन्हा भरला. बोर्ड उठला. मात्र तात्यांची डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली, नव्हती म्हणून हे इतके सोपे गेले. ती तशी असती, तर किल्लीचा आकडा आधी लिहून ठेवलेला असायला हवा होता.

तात्पर्य, बायोसला हात लावू नये, असे तुम्ही म्हणाल. तात्याही आता तेच म्हणतात. पण दुसरी म्हणही ऐकून घेतली पाहिजे.

2018 च्या जानेवारीत 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या नावांनी प्रोसेसरांमधल्या मूळच्याच उणिवा जगापुढे आल्या. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याचे गुपित चोरून वाचावे, अशी ती फट होती. ती बुजवण्याच्या उपायांतला एक भाग बायोसमधूनच यायचा. गंमत म्हणजे त्याच महिन्यात इंटेलला सांगावे लागले, की आमचा पहिला उपाय तूर्त बसवू नका, कारण त्याने काही कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत आहेत. औषध खरे, पण पहिल्या दिवशीची बाटली घाईने उघडू नये, हा धडा त्यातला.

2024 सालचे उदाहरण त्याहून बोलके आहे. इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते आणि त्यामुळे ते आतून झिजत होते. ऑगस्टमध्ये त्यावरचा उपाय बायोसमधून आला. त्याने पुढची झीज रोखली जाते; झालेली भरून येत नाही. म्हणजे 'गाडा चालतो आहे ना?' म्हणून जो स्वस्थ बसला, त्याचा गाडा आतून खिळखिळा होत होता. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसवायचा, तरी आधी बायोस नवा लागतो. त्याला पाहुण्याची ओळखच नसेल तर तो दार कसे उघडणार?

म्हणून भाच्याने आम्हा दोघांना घालून दिलेले नियम वाचकांसाठी इथे देतो. आधी 'कशासाठी?' हे विचारावे. कंपनीच्या नोंदीत सुरक्षेची फट, प्रोसेसरचे आरोग्य किंवा आपल्याला होणाऱ्या त्रासाचे नाव असेल तर पुढे जावे. नुसते 'नवे आहे' म्हणून नव्हे. फाइल बोर्ड बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्यावी, आणि बोर्डाचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून. सगळ्या लिखाणाची एक प्रत बाहेर काढावी. डिस्क कुलूपबंद असेल तर तिची किल्ली कागदावर उतरवावी आणि कुलूप तात्पुरते स्थगित करावे. यूपीएस असावा, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला. काम चालू असताना पडदा काळा झाला, कॉम्प्युटर दोनतीनदा बंद-चालू झाला, तरी हात बांधून बसावे. नंतर जुन्या सेटिंग्ज बहुधा पुसल्या जातात, म्हणून त्या आधीच टिपून ठेवाव्यात. आणि आवडले नाही तर मागे फिरू, असे गृहीत धरू नये. काही आवृत्त्यांवरून मागे येता येत नाही. काही बोर्डांवर दोन चिपा असतात, काहींना प्रोसेसरशिवायही बायोस भरण्याचे बटण असते. नवा बोर्ड घेताना ही सोय विचारून घ्यावी.

तात्यांनी हे सारे फुलस्केप कागदावर उतरवून, तारीख घालून, भिंतीला लावले आहे. त्याखाली त्यांनी स्वतःची एक ओळ वाढवली आहे: 'पावसाळ्यात करू नये.' हेडक्लार्कचा शेरा आहे. तो डावलण्याची माझी छाती नाही.