दुरुस्तीचा परवाना कोणाचा?

शेतकऱ्याच्या दारात मोटार दिसली की शहरातल्या शहाण्यांच्या पोटात दुखू लागते. ‘कर्जमाफी मागतात आणि गाड्या उडवतात’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याला उत्तर देण्याचाही कंटाळा येतो. तरी एकदा देऊन टाकू. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. कोरची, एटापल्ली, जिवती या भागात शेवटची एस.टी. चुकली की रात्र स्टँडवर काढायची. अशा मुलखात गावात जी एखाददुसरी मोटार असते ती एकट्या मालकाची राहतच नाही. अडलेली बाळंतीण तिच्यातून जाते, साप चावलेला माणूस तिच्यातून जातो, रोवण्याच्या दिवसांत खताची पोती तिच्यातूनच येतात आणि बँकेने बोलावले की चार खातेदार तिच्यातच कोंबून बसतात. मोटार ही चैनीची वस्तू पुण्यात असेल. इथे ती बंडीची धाकटी बहीण आहे.

ही मोटार बंद पडली की काय होते, तेवढ्यापुरते आज बोलायचे आहे.

जुन्या जीपचा पंप इंजिनाच्या अंगाला बसवलेला असे. आतला पडदा फाटला की चौकातला मिस्त्री अर्ध्या तासात नवा पडदा घालून देई आणि गाडी चालू होई. आताच्या पेट्रोल गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडवून ठेवलेला असतो. विजेवर फिरणारी छोटी मोटर, तिच्या तोंडाशी जाळी, शेजारी पेट्रोल किती आहे ते सांगणारा तरंगता गोळा, आणि हे सगळे एका प्लॅस्टिकच्या सांगाड्यात. या मोटरला थंड ठेवण्याचे काम भोवतालचे पेट्रोलच करते. टाकी सतत तळाशी ठेवून गाडी चालवली तर पंप तापतो आणि लवकर मरतो. आता ज्याच्या खिशात दोनशे रुपये असतील तो दोनशेचेच पेट्रोल टाकणार, टाकी फुल्ल करा म्हणून त्याला सांगणारा शहाणा जन्मायचा आहे. शिवाय जिथे पंप लांब, तिथे किराणा दुकानातल्या बाटलीतले पेट्रोल घ्यावे लागते. त्यात धूळ असते आणि पावसाळ्यात पाणीही असते.

कंपनीला हे सगळे ठाऊक आहे. म्हणूनच वॉरंटीच्या पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेले असते: भेसळीचे इंधन, पाणी, घाण यांमुळे झालेले नुकसान धरले जाणार नाही. दुसरे कलम त्याहून गोड आहे. वॉरंटी इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते. नागपुरात धरमपेठेतून सिव्हिल लाईनला जाणाऱ्या गाडीची वर्षे आधी संपतात. आमच्या गाडीचे किलोमीटर आधी संपतात, कारण अहेरीहून गडचिरोलीची एकच खेप जाऊन येऊन दोनशेच्या वर जाते. पैसे दोघांनी सारखेच मोजलेले असतात. ‘जे आधी होईल ते’ हा न्याय कर्जाच्या हप्त्याला लावा असे आम्ही बँकेला म्हटले तर मॅनेजर खुर्चीवरून पडेल.

सावली तालुक्यातल्या आमच्या एका कार्यकर्त्याची गाडी मागच्या हंगामात धान निघायच्या ऐन वेळी बंद पडली. वॉरंटी चालू होती. टेम्पोला बांधून ती अधिकृत वर्कशॉपला नेली. तिथे टाकीतले थोडे पेट्रोल बाटलीत काढले, उजेडाकडे धरून पाहिले आणि ‘कचरा आहे, वॉरंटीत बसत नाही’ असा निकाल दिला. प्रयोगशाळा नाही, अहवाल नाही, बाटली उजेडात धरली की झाला पंचनामा! मग सांगितले, मोटर सुटी मिळत नाही, पूर्ण सांगाडाच घ्यावा लागेल, तोही मागवावा लागेल, आठ दिवस थांबा. बाहेर दुरुस्त करून घेतो म्हटल्यावर उत्तर आले, मग उरलेल्या गाडीची वॉरंटीही गेली असे समजा. आमचा राग आहे तो या शेवटच्या वाक्यावर.

हे वाक्य या देशात बेकायदेशीर ठरलेले आहे. २०११ साली एका नागरिकाने मोटार कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच मुठीत ठेवतात अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. चौकशी वाढत वाढत जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांपर्यंत पोचली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. बाहेरच्या मिस्त्र्याला सुटे भाग न देणे, दोष शोधण्याची यंत्रे आणि माहितीपुस्तके न देणे, हे बाजार अडवणे आहे असे आयोगाने स्पष्ट म्हटले. आणि वॉरंटीबद्दल सांगितले की, बाहेर दुरुस्ती केली एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दंडाची रक्कम कमी केली, पण दोष कायम ठेवला. वकिलांचे मीटर अजून चालूच असते, आणि काउंटरवरचा पोरगा अजून तेच वाक्य म्हणतो.

आम्ही खुल्या बाजाराचे भांडण १९९१ च्या आधीपासून मांडत आलो. लायसन्स-परमिटचे राज्य शेतकऱ्याला कसे लुटते ते सांगताना आमचे घसे बसले. १९९१ नंतर कारखानदारही खुल्या बाजाराची आरती म्हणू लागले. आज त्यांनी काय केले आहे? सरकारी परवाना गेला आणि कंपनीचा परवाना आला. माल आमचा, पैसा आमचा, पण पान्हा कोणी लावायचा ते कंपनी ठरवणार. धान विकताना बाजार समितीच्या आवारातच विक असे सांगणारा कायदा आणि दुरुस्ती आमच्याच वर्कशॉपात कर असे सांगणारी वॉरंटी, या सख्ख्या बहिणी आहेत. खुला बाजार हवा असेल तर तो बोनेटखालीही खुला असला पाहिजे.

यावर कंपन्यांचा एक मुद्दा असतो, सुरक्षिततेचा. गावठी मिस्त्री हलका माल घालतो, गाडी पेटते, म्हणून मूळ कंपनीचाच पंप घ्या. मूळ कंपनीच्या पंपाचे काय झाले ते पाहू. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या. कारण फ्युएल पंपातला संशयित दोष. मार्च २०२४ मध्ये याच दोन गाड्यांच्या आणखी सोळा हजारांवर, कारण फ्युएल पंपाची मोटर. होंडाने जून २०२० आणि एप्रिल २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये पंप बदलण्यासाठी गाड्या बोलावल्या. शेवटच्या खेपेचा आकडा ९० हजारांच्या वर होता. पंपातला पंखा सदोष, त्यामुळे इंजिन बंद पडू शकते किंवा सुरूच होणार नाही, असे कंपनीनेच जाहीर केले. आणि त्या यादीत २,२०४ जुन्या गाड्या अशा होत्या, ज्यांना हा सदोष पंप पूर्वी सुटा भाग म्हणून बसवलेला होता! म्हणजे माणसाने अस्सल म्हणून पंप घेतला आणि तोच नासका निघाला. कंपन्यांनी दोष कबूल करून फुकट बदलून दिला हे चांगलेच केले, तेवढे श्रेय त्यांना देऊ. पण मग हलका माल फक्त गावठी मिस्त्र्याकडेच असतो ही पोथी त्यांनी मिटून ठेवावी.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पंप गेला की खिशात हात घालण्याआधी चेसिस नंबर घेऊन कंपनीला विचारा, ही गाडी परत बोलावलेल्यांत आहे का. असेल तर वॉरंटी संपली असली तरी पंप फुकट बदलून मिळतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार आता सरकारला आहे. पण सरकारला तक्रारींचा ढीग दिसला तरच ते हलणार, आणि आमच्या जिल्ह्यांतून तक्रार जातच नाही. आम्ही शिव्या देतो, पंप उकिरड्यावर फेकतो आणि रोवण्याला लागतो.

गाडी यादीत नसेल आणि वॉरंटीनेही हात वर केले असतील, तर काम स्वतः करता येते. त्यात जादू काही नाही, शिस्त मात्र हवी. आधी दोष खरोखर पंपाचा आहे का ते पाहा. चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर फ्यूज आणि रिले तपासा. निम्म्या वेळा भांडण तिथेच मिटते. पंपाच्या जोडणीपर्यंत बारा व्होल्ट पोचत असूनही पंप फिरत नसेल, तर पंप गेला. काम उघड्यावर करायचे, गोठ्यात किंवा खड्ड्यावर नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खोलगट जागी साचते. बिडी पेटवणाऱ्या पाहुण्याला आधी घरी पाठवा. टाकीत पेट्रोल कमी असू द्या. पंपाचा फ्यूज काढून इंजिन फिरवा म्हणजे नळीतला दाब उतरेल, मग बॅटरीची ऋण वायर सोडा. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की खाली झाकण असते. काहींत टाकीच उतरवावी लागते, ते काम एकट्याने करू नये. झाकणाभोवतीची धूळ आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर आमच्या रस्त्यांची अर्धी माती टाकीत जाईल. गोल कडी सोडवायला लोखंडी छिन्नी वापरू नका, ठिणगी उडते. लाकडाचा किंवा पितळेचा ठोकळा घ्या. सांगाडा तिरका करून सावकाश काढा, तरंगता गोळा वाकता कामा नये. नव्या पंपाबरोबर रबरी कडी आणि जाळी नवीच घाला, पंधरा-वीस रुपये वाचवायला जुनी कडी बसवली तर पेट्रोल गळते. जोडून झाल्यावर तीन-चार वेळा नुसती चावी फिरवा, गळती पाहा, मगच इंजिन सुरू करा. नव्या डिझेल गाड्यांच्या उच्च दाबाच्या पंपाला मात्र घरी हात लावू नका. तिथला दाब कातडी फाडून डिझेल शरीरात घालतो. ते काम जाणत्याचे, आणि जाणता माणूस तालुक्यातच असावा म्हणून तर हे भांडण आहे.

इंधनाबद्दल आणखी एक. २०२५ साली पेट्रोलमध्ये सरासरी २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठल्याचे सरकारने जाहीर केले. इथेनॉलला आमचा विरोध नाही. ऊस, मका, तुटका तांदूळ यांना आणखी एक गिऱ्हाईक मिळते, मिळावेच. पण इथेनॉल पाणी ओढते, आणि पाणी जास्त झाले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, नेमके जिथे पंपाची जाळी असते. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, पण तो खर्च किरकोळ आहे. किरकोळ कोणाला? मिश्रण सरकारने ठरवायचे, वॉरंटीतून कंपनीने सुटायचे आणि किरकोळ खर्च जीवतीच्या माणसाने करायचा, ही वाटणी कोणत्या गणितात बसते?

जगात इतरांनी काय केले तेही पाहावे. अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे की वॉरंटी टिकवायची तर आमचाच भाग वापरा अशी अट कंपनीला घालता येत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारींसाठी, तर कोलोरॅडोने २०२३ मध्ये खास शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. तिथल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर कंपनीला ठणकावून सांगितले, ट्रॅक्टर विकलास, आता चावी दे. आपल्याकडे केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, शेती अवजारे आणि वाहने हे विषय तिच्याकडे दिले आणि त्याच डिसेंबरात एक पोर्टल उघडले. पोर्टलने पंप मिळत नाही.

तोवर हातात आहे ते वापरू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे कंपनी दिल्लीची असली तरी खटला चंद्रपूरला किंवा गडचिरोलीला चालेल. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेली गाडी ‘धंद्याची’ म्हणून बाहेर काढता येत नाही. वॉरंटी नाकारली तर लेखी कारण मागा. देत नसतील तर तुम्हीच अर्ज लिहून पोच घ्या. बाटली उजेडात धरली तर दुसऱ्या बाटलीत तोच नमुना सीलबंद करून मागा.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोन ठराव ठेवत आहोत. पहिला, ब्रह्मपुरी, मूल, वडसा, अहेरी इथल्या आय.टी.आय.मध्ये दोष शोधण्याची यंत्रे आणि कंपन्यांची दुरुस्तीपुस्तके उपलब्ध व्हावीत आणि गावच्या मिस्त्र्यांना ती तिथे वापरू द्यावीत. दुसरा, स्पर्धा आयोगाच्या आदेशातला वॉरंटीचा भाग मराठीत छापून प्रत्येक अधिकृत वर्कशॉपच्या काउंटरवर लावायला लावावा. लावत नसतील तर आपण जाऊन लावू, खळ आपली.

बैठकीला येताना ज्यांच्याकडे असतील त्यांनी वॉरंटीचे पुस्तक, बिले आणि काढलेला जुना पंप पिशवीत घालून आणावा. पंपावरचा नंबर पुसू नये.